दुसरा नंबर

अपेक्षा सपकाळ पहिलीपासून नववीपर्यंत दरवर्षी वर्गात पहिली आली. अमडापुरात हे बहुतेकांना माहीत होतं, कारण तिचा बाप कुलदीप ते सांगायचा. बसस्टँडजवळ त्याचं कृषी सेवा केंद्र होतं. बियाण्याची पिशवी घ्यायला आलेला माणूस ती उचलून निघेपर्यंत त्याला अपेक्षाचा नंबर कळलेला असायचा. कुलदीप तसा बढाईखोर नव्हता. तो स्वतः बी.एस्सी. झालेला, नोकरीच्या परीक्षांत दोनदा थोडक्यात हुकलेला माणूस होता. आपलं जे राहिलं ते पोरगी करेल, असं त्याने कधी तोंडाने म्हटलं नाही. पण घर त्याच बेताने चालायचं. पाहुणे आले तरी अपेक्षाच्या खोलीचं दार बंद राहायचं, आणि अन्नपूर्णा, तिची आई, कुकरची शिट्टी झाली की आतल्या दाराकडे एकदा बघून घ्यायची.

या सगळ्यात एकच गोष्ट बेताबाहेरची होती, ती म्हणजे खो-खो. सातवीत असताना शाळेतल्या मेहबूब सरांनी तिला संघात घेतलं. सर खेळाचे शिक्षक होते. शाळेचं मैदान काळ्या मातीचं, पावसाळ्यात बुटाला शेरभर चिखल धरणारं. सरांनी दोन ट्रॉल्या मुरूम मागून आणला होता आणि पोरांकडूनच तो पसरून घेतला होता. अपेक्षा फार वेगाने पळणाऱ्यांतली नव्हती. पण मागे लागलेली मुलगी कोणत्या हाताला वळणार हे तिला आधी कळायचं. ती अर्धं पाऊल थांबायची, समोरची पुढे निघून जायची, आणि हिला खांब मोकळा मिळायचा.

संघात तिची जोडी कौसरशी होती. कौसरचे वडील मशिदीच्या रस्त्याला शिवणकाम करायचे. कौसर खांबावर सूर मारून गडी बाद करायची, त्यामुळे तिचे गुडघे बारा महिने सोललेले असायचे. अभ्यासात ती कशीबशी पुढे ढकलली जात होती. शाळेत इतर वेळी या दोघी फारशा एकत्र नसायच्या. एक पहिल्या बाकावर बसायची, दुसरी शेवटच्या. संध्याकाळी मैदानावर मात्र एकीचा आवाज आल्याशिवाय दुसरी उठत नसे.

दहावीच्या जूनमध्ये कुलदीपने खेळ बंद केला. रागावून नाही. जेवताना म्हणाला, "यंदा दहावी हाय. खो-खो बस झाला आता." अपेक्षाने मान डोलावली आणि ताटातली भाजी संपवली.

आठवड्याने मेहबूब सर दुकानात आले. कुलदीपने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

"कुलदीपभाऊ, संध्याकाळचा एक तास तं खेळ असते," सर म्हणाले. "दिवेलागणीच्या आत पोरगी घरी."

"सर, तुमचा मान आहे. पण एक तास म्हणता, मंग ते दमते, जेवते, झोपते. एक वर्ष राहू द्या. पुढं खेळंल ना आयुष्यभर."

"आयुष्यभर कोण खेळते? शाळेत खेळलं तेवढंच."

"बरं, मले एक सांगा. खेळून कोणी नोकरीले लागलं का आपल्या गावातलं?"

सरांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमलं असतं, पण ते म्हणाले, "नाही. कोणी नाही लागलं."

"मंग?"

"मी त्याच्यासाठी नाही खेळवत."

"मंग कायसाठी खेळवता?"

चहाचा कप खाली ठेवत सर म्हणाले, "पोट्टे बरे राह्यतेत." कुलदीप हसला. त्याला ते उत्तर वाटलं नाही.

जुलैपासून अपेक्षा शाळा सुटली की थेट शिकवणीला जाऊ लागली. शिकवणीच्या वाटेवर मैदान लागायचं. ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायची.

ऑगस्टमध्ये चाचणी परीक्षा झाली. त्या वर्षी राम नावाचा एक मुलगा शाळेत नवा आला होता, वडिलांची बदली होऊन. तो पहिला आला. अपेक्षा दुसरी. फरक थोडाच होता. कुलदीप ओरडला नाही. त्याने गुणपत्रक दोनदा पाहिलं, आणि "कसं काय झालं?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी कुलदीपने तिचं टेबल खिडकीपासून हलवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि शिकवणीवाल्या सरांकडे सकाळचीही एक तुकडी लावली.

पुढच्या चाचणीत अपेक्षाने येत असलेलं एक गणित सोडलं. ती नंतर आईला म्हणाली की पेपर हातात आल्यावर अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती. या वेळी ती चौथी आली.

त्यानंतर पोटात दुखायला लागलं. आधी सोमवारी, मग रोज सकाळी. भाकरीचा घास तोंडात फिरायचा आणि बाहेर यायचा. शाळेचे दिवस बुडू लागले. कुलदीप तिला चिखलीला दवाखान्यात घेऊन गेला. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. डॉक्टर वयस्क बाई होत्या. त्यांनी विचारलं, "शाळेत काही झालं आहे का?"

"शाळेत तं हुशार आहे ते," कुलदीप म्हणाला. "काहीच टेन्शन नाही."

डॉक्टरांनी अपेक्षाकडे पाहिलं. ती भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होती.

अन्नपूर्णाच्या लक्षात दुसरंच काहीतरी आलं होतं. पोरगी वहीत एक ओळ लिहायची, खोडायची, तीच पुन्हा लिहायची. कागद फाटेपर्यंत. अन्नपूर्णाने नवऱ्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "अक्षर सुधारत असंल." पण त्या रात्री तो बराच वेळ अंगणात उभा राहिला.

सप्टेंबर संपत आला तेव्हा सोयाबीन पिवळं पडून सोंगणी म्हणजे कापणी सुरू झाली. मजूर मिळेनात. ज्यांच्या घरी शेत होतं त्यांच्या पोरी शाळा सोडून शेतात गेल्या. खो-खोचा संघ तालुक्यात जिंकून जिल्ह्याला निघाला होता आणि नेमकी डिंपल नावाची पळणारी मुलगी सोंगणीला अडकली. तिच्या बापाने सरांना स्पष्ट सांगितलं, "पाऊस आला तं सोयाबीन जाईल. खेळ पुढच्या वर्षी येईल."

त्या दुपारी कुलदीप जेवायला घरी आला तेव्हा कौसर अपेक्षाच्या खोलीत बसली होती. दार उघडं होतं. तो हात धुऊन ओसरीवर बसला. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"काय झालं तुले? सगळे म्हणतेत पोट दुखते."

"हाव."

"काऊन दुखते?"

अपेक्षा म्हणाली, "मी चौथी आली."

कौसरचा आवाज आला, त्यात खरंच न समजल्याचा भाव होता. "चौथी आली म्हून पोट दुखून राह्यलं? मी गणितात नापास झाली. घरी आली, दोन भाकरी खाल्ल्या. अम्मी म्हणे, कमाल आहे पोरगी, फेल होऊन भूक लागली."

अपेक्षा हसली. फार नाही, नाकातून आल्यासारखं. पण अन्नपूर्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात पोळीचं पीठ तसंच.

"ऐक," कौसर म्हणाली, "डिंपल सोंगाले गेली. सरांनी यादीतून तुह्यं नाव काढलंच नव्हतं. परवा बुलढाण्याले चालतं का? नऊ पूर्ण होतेत, पण पळाले कोणी नाही. ते अर्चना पळते तं डोळे मिटून पळते."

"पप्पा नाही म्हणतीन."

"इचारून तं पाह्य."

अपेक्षाने विचारलं नाही. कौसर निघाली. ओसरीवर कुलदीपला बघून तिने "नमस्ते काका" म्हटलं आणि चपला घातल्या. कुलदीपने तिला थांबवलं. काय विचारायचं ते त्याचं ठरलेलं नव्हतं.

"तू नापास झाली तं तुह्ये अब्बा काय म्हणाले?"

"रागावले ना काका. दोन दिवस बोलले नाही. मंग तिसऱ्या दिवशी म्हणाले, आता काय करतं? मी म्हटलं, पुन्हा देतो."

ती गेल्यावर कुलदीप जेवायला बसला. भात कालवून तसाच राहिला. अन्नपूर्णा म्हणाली, "अहो, ते हसली आज. तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मंग?"

"मले कळत नाही अन्नपूर्णा. आपण काय वाईट केलं तिचं?"

"वाईट नाही केलं. पण तिच्याजवळ दोन गोष्टी होत्या, आपण एकच ठेवली. ते एक पण गेली तं पोरगी कशाले धरीन?"

संध्याकाळी कुलदीप दुकान कामावरच्या पोऱ्याच्या भरवशावर टाकून नव्हे, चक्क बंद करून शाळेच्या मैदानावर गेला आणि मेहबूब सरांना म्हणाला, "परवा घेऊन जा तिले. मी बी येतो. मले बुलढाण्याले औषधाचा माल पाहाचा होता तसा."

माल वगैरे काही पाहायचा नव्हता, हे सरांनाही कळलं.

बुलढाण्याला सकाळी चांगला गारवा होता. चिखलीवरून आलेल्या बसमधून उतरल्यावर पोरींनी आधी स्वेटर नसल्याची तक्रार केली आणि मग मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. कुलदीपने आयुष्यात खो-खोचा सामना पाहिला नव्हता. तो पायऱ्यांवर बसला, शेजारी पाण्याची बाटली, पिशवीत पोटदुखीची गोळी आणि एक जुना टॉवेल, उलटी झालीच तर म्हणून.

पहिला सामना सोपा गेला. अपेक्षा त्यात थोडी पळाली. सरावाची सवय सुटल्यामुळे तिला लवकर धाप लागत होती, तरी ती निभली. दुसरा सामना संग्रामपूर तालुक्यातल्या एका शाळेशी होता. त्या पोरी अंगाने काटक आणि पायाने चपळ होत्या. सरांनी अपेक्षाला पहिल्या तिघींत पाठवलं. शिट्टी झाली. ती एका खांबाकडून निघाली, नेहमीसारखं अर्धं पाऊल थांबली, आणि घसरली. मागच्या मुलीने नुसता हात लांब केला. अपेक्षा बाद. अजून लोक नीट बसलेही नव्हते.

कुलदीप उभा राहिला. त्याने बाटली आणि टॉवेल घेतला आणि पायऱ्या उतरायला लागला. आता ही कोपऱ्यात जाऊन तोंड झाकून बसणार, याची त्याला खात्री होती. गेले दीड महिने तो ते घरी पाहत होता.

अपेक्षा मैदानाबाहेर आली. तिच्या गालाला माती लागली होती. तिने एकदा स्वतःच्या पायाकडे रागाने पाहिलं, शिवी दिल्यासारखे ओठ हलवले. मग ती रेषेजवळ गुडघ्यांवर बसली आणि ओरडायला लागली. "अर्चना, डोळे उघड! उजव्या हाताले ये! मागं पाह्य मागं!" शेजारच्या मुलीने तिच्या गालावरची माती पुसली आणि काहीतरी म्हटलं. अपेक्षा मोठ्याने हसली आणि लगेच पुन्हा ओरडायला लागली.

कुलदीप मधल्या पायरीवर थांबला. मग तिथेच बसला. टॉवेल त्याने पिशवीत परत घातला.

दुसऱ्या डावात अपेक्षा बऱ्यापैकी टिकली. कौसरने दोन वेळा सूर मारून गडी बाद केले आणि तिच्या गुडघ्यातून रक्त आलं. तरी अमडापूरचा संघ थोडक्यात हरला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा संग्रामपूरच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, आणि इकडे कौसर मैदानाच्या मधोमध बसून रडायला लागली. गणितात नापास होऊन दोन भाकरी खाणारी पोरगी हुंदके देऊन रडत होती. तिला कोणाचं ऐकू येत नव्हतं. अपेक्षा तिच्याजवळ जाऊन बसली. कौसरच्या गुडघ्याची माती बोटाने झाडत राहिली.

परतीच्या बसमध्ये सरांनी सगळ्यांना कचोऱ्या दिल्या. कुलदीप आणि अपेक्षा एका सीटवर होते. तिने दोन कचोऱ्या खाल्ल्या. कुलदीपने बोटाला लागलेलं तेल पुसलं.

"आल्याआल्याच बाद झाली तं काय वाटलं तुले?" त्याने विचारलं.

"राग आला. माझाच पाय चुकला."

"मंग?"

"मंग काय? बाकीच्या पळून राह्यल्या होत्या ना. त्यांच्याकडं पाहा लागते." खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, "पेपरात कोणी नसते, पप्पा. तिथं एकटीच बाद होते मी."

रस्त्याच्या वळणांवर बस हलत होती. कुलदीपने पुढच्या सीटचा दांडा धरला होता. शेवटी तो म्हणाला, "टेबल तुह्यं खिडकीकडं सरकवून देतो उद्या."

"हाव," ती म्हणाली.

पोटदुखी एकदम गेली नाही. प्रथम सत्राच्या पेपराआधी दोन दिवस पुन्हा उठली. पण आता अपेक्षा संध्याकाळी मैदानावर जायची. स्पर्धा संपल्या होत्या, तरी सर पाचवी-सहावीच्या पोरींना खेळवत होते आणि तिला त्यांच्या मागे पळायला लावत होते. तिथून घामेजून आली की ती जेवायची. कौसरही रोज तिच्यासोबत घरी यायची, गणिताची वही घेऊन. कौसर पायऱ्या न लिहिता उत्तराकडे धावायची आणि अपेक्षा तिला मागे ओढायची. "खांब सोडून कुठं पळून राह्यली? आधी इथं टेक." कुलदीपने हे ओसरीवरून ऐकलं. अपेक्षा सत्रात दुसरी आली. त्याने याही वेळी गुणपत्रक दोनदा पाहिलं, पण नंतर "जेवण झालं का?" असं विचारलं. ते विचारताना त्याला कष्ट पडले, हेही खरं. माणूस एका बसप्रवासात बदलत नाही.

डिसेंबरमध्ये शाळेत पालकसभा झाली. मुख्याध्यापक भगवानराव देशमुख निवृत्तीला आलेले, कोणालाही न दुखवणारे गृहस्थ होते. पंजाबराव नावाच्या एका पालकाने उठून मागणी केली की दहावीचे खेळाचे सगळे तास आता गणित आणि इंग्रजीला द्यावेत, आणि संध्याकाळी मैदानावर दहावीच्या एकाही पोराला थांबवू नये. बऱ्याच लोकांनी माना डोलावल्या. भगवानराव म्हणाले, "सर्वांची इच्छा असेल तर तसं करू." मेहबूब सर भिंतीला टेकून उभे होते.

कुलदीप मधल्या रांगेतून उठला. तो सभेत बोलणारा माणूस नव्हता.

"मले एक सांगाचं होतं," तो म्हणाला. "माही पोरगी अपेक्षा. तुम्हाले माहीत हाय. मी तिचा खेळ बंद केला होता जूनात. ऑगस्टात ते दुसरी आली, अन् मंग आजारी पडली. चिखलीले नेली. सोनोग्राफी केली. काही निघालं नाही." तो थांबला. गावात त्याने हे कोणालाही सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्याला तो 'व्हायरल हाय' म्हणायचा. "निघन कसं? तिले हारताच येत नव्हतं. आमच्या घरी कोणी शिकवलंच नाही. ते तिले या मैदानावर येत होतं, अन् मी तेच बंद केलं."

पंजाबराव म्हणाले, "पण कुलदीप, मार्क?"

"मार्क पाहिजेच ना भाऊ. मले बी पाहिजे. अजून पाहिजे." लोक हसले. तो हसला नाही. "पण मी टॉवेल घेऊन बसलो होतो बुलढाण्याले. पोरगी उलटी करीन म्हून. तिच्यापेक्षा मीच भेलो होतो."

तो खाली बसला. मागे बसलेल्या डिंपलच्या बापाने खाकरून घसा साफ केला.

भगवानरावांनी मधला मार्ग काढला. आठवड्याच्या खेळाच्या तासांपैकी एक गणिताला गेला, बाकीचे राहिले, आणि संध्याकाळी थांबायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या घरावर सोडलं. मेहबूब सरांना याहून जास्तीची अपेक्षा नव्हती. सभा संपल्यावर ते कुलदीपजवळ आले. दोघेही थोडे अवघडले होते. सर म्हणाले, "चहा घेता का?"

मार्चमध्ये परीक्षा झाली. राम शाळेत पहिला आला, अपेक्षा दुसरी. कौसर गणितात पास झाली, काठावर. निकालाच्या दिवशी तिच्या अम्मीने शेवया केल्या आणि डबा भरून सपकाळांकडे पाठवला.

अपेक्षा आता चिखलीला अकरावीला जाते, विज्ञान शाखेला. सकाळच्या बसने जाते, दुपारी येते. त्या कॉलेजात मुलींचा खो-खोचा संघ नव्हता. तिने वर्गावर्गांत फिरून सात मुली जमवल्या आहेत. नऊ लागतात. उरलेल्या दोघींसाठी ती रोज जेवणाच्या सुट्टीत कोणाकोणाच्या मागे लागलेली असते.